अण्णा, मी आणि विटांचा खेळ

अण्णा स्वयंपाकघराच्या दारात अडकले तेव्हा मी मुलीचं कपाट आवरत होतो. अडकले म्हणजे दार अरुंद आहे असं नव्हे. अण्णा उभे असतानाही बाजूने दुसरा माणूस चहाचा ट्रे घेऊन जाऊ शकतो. अडकतात ते पाय. कंपवात झाल्यापासून माझ्या वडिलांच्या पायांनी स्वतःपुरता एक नियम केला आहे. मोकळ्या जागी चालायचं. पण दार, पायरी, गालिच्याची कड असलं काही समोर आलं की जागच्या जागी थांबायचं. डोकं म्हणतं चल, पाय म्हणतात बघू.

अशा वेळी अण्णा कुणाला हाक मारत नाहीत. चौकट न्याहाळत उभे राहतात, जणू तिला रंग द्यायला झालाय का हे बघायला आलेत. आम्हीही तसंच दाखवतो. त्या चौकटीच्या रंगावर वर्षभरात आमच्या घरी जेवढी चर्चा झाली, तेवढी तो रंग निवडतानाही झाली नव्हती.

मुलगी शिकायला परगावी गेली आहे. तिच्या कपाटात तिचा जुना हातातला व्हिडिओ गेम सापडला. तळहाताएवढी निळी डबी, एक पडदा, दोन बटणं. ती सुरू होते का बघायला म्हणून चार्जिंगला लावली आणि पलंगावर बसलो. आत छोटे छोटे गाण्याचे खेळ होते. एकात एक बाई पाकिटांवर शिक्के मारते, एकात एक बेडूक छत्री उघडतो. नियम सगळीकडे एकच: गाणं वाजतं, आपण ठेक्यावर बटण दाबायचं.

मी लावला तो विटांचा खेळ. चार मजूर रांगेत उभे राहून एकमेकांकडे विटा टाकतात. शेवटचा मजूर म्हणजे आपण. वेळेवर बटण दाबलं तर वीट हातात, नाहीतर पायावर. वीट पायावर पडली की गाणं लंगडतं आणि बाकीचे तिघे मान वळवून आपल्याकडे बघतात. डोळे म्हणून नुसते दोन ठिपके काढलेत, पण आमच्या प्राचार्यांना अजून तसं बघता आलेलं नाही.

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. ताल माझ्या वाट्याला आलेला नाही. सभागृहात लोक एका ठेक्यात टाळ्या वाजवायला लागले की मी हात खिशात घालतो. तशी सूचना मला बायकोने लग्नाच्या पहिल्याच वर्षी दिली होती. तरी त्या दिवशी बऱ्याच विटा पाडल्यावर नशिबाने सहा-सात सलग झेलल्या गेल्या. गाणं बरं चाललं होतं. मागे पावलं वाजली म्हणून वळून बघितलं, तर अण्णा. दारातून निघून, गालिच्याची कड ओलांडून, सरळ माझ्या दिशेने येत होते. मी बघत राहिलो. वीट पायावर पडली, मी बटण दाबायचं सोडलं आणि अण्णा गालिच्याच्या मधोमध थांबले.

"वाजव की पुढे," ते म्हणाले.

"अण्णा, तुम्ही चालत आलात."

"ते कळलंय मला. तू वाजव."

ही बातमी मी लगेच ताईला फोनवर सांगितली. ताई माझी मोठी बहीण. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते, पण घर तिचं आहे असं समजून चालते, आणि ते एका अर्थी बरंच आहे. तिने अण्णांसाठी चाकांची खुर्ची ठरवली होती. शनिवारी अकराला माणूस घेऊन येणार होता. खुर्ची वाईट नव्हती. अण्णा महिन्याभरात दोनदा पडले होते आणि दोन्ही वेळा उचलायला ताईच होती, तेव्हा तिची भीती आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त माहितगार होती. पण खुर्चीचं नाव निघालं की अण्णा वर्तमानपत्र उभं धरायचे. एकदा ते उलटं होतं.

संध्याकाळी ताई आली. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारूनच आली होती. तालावर पाय सुटतात म्हणे, हे खरं आहे. बाईंनी तर मागेच एक टिकटिक करणारं यंत्र दिलं होतं, पण ते सुरू केलं की अण्णा म्हणायचे, "नळ गळतोय, बंद करा."

अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "मी सलूनपर्यंत पायी जाऊन आलो, तर खुर्ची परत पाठवायची."

"सलून एकशे साठ पावलांवर आहे," ताई म्हणाली. तिने मोजली होती, यात मला नवल वाटलं नाही. "शनिवारी सकाळी जायचं. जाऊन-येऊन तीनदा अडकलात तर खुर्ची. आणि तोंड वाकडं करायचं नाही."

"तोंड कधी वाकडं केलं मी?"

"आत्ता."

म्हणजे आता सगळं माझ्या अंगठ्यावर आलं. चार दिवस होते. एक सोपा उपाय सुचला म्हणून मी मुलीला फोन केला. ती हा खेळ डोळे मिटून खेळते. तिच्या वसतिगृहात एका मैत्रिणीकडे तसलीच डबी होती. तिने विटांचं अख्खं गाणं एकही वीट न पाडता वाजवलं आणि रेकॉर्ड करून पाठवलं. मी मोबाईल अण्णांच्या कानाशी धरला. चार पावलं टाकून अण्णा थांबले.

"पोरगी छान वाजवते," ते उभ्या उभ्या म्हणाले.

"मग चला ना."

"चालतो की." पण हलले नाहीत. शेवटी मी डबी काढून स्वतः सुरू केलं, दुसऱ्याच विटेला चुकलो, आणि ते निघाले. याचा अर्थ मी असा काढला की मोबाईलचा आवाज पातळ येतो. असा अर्थ परीक्षेत कुणी काढला तर मी त्याला शून्य देतो.

मुलगी फोनवरून मला शिकवू लागली. "बाबा, तू बघून दाबतोयस. वीट दिसली म्हणजे उशीर झाला. ऐकून दाब."

"ऐकूनच दाबतोय."

"मला इथे ऐकू येतंय तू काय करतोयस ते."

बुधवारी खोलीतून गॅलरीपर्यंत जाताना माझ्या पाच विटा पडल्या. अण्णांना राहवेना. त्यांनी मागून माझ्या खांद्यावर पंजा ठेवला आणि थोपटायला लागले. "आत्ता. आत्ता. थांब. आत्ता. अरे, घाई कसली? वीट कुठे पळून जात नाही."

अण्णा चौतीस वर्षं छापखान्यात ट्रेडल मशीनवर होते. मशीनचा जबडा उघडतो तेवढ्यात उजव्या हाताने कोरा कागद आत, डाव्या हाताने छापलेला बाहेर. जबडा कुणासाठी थांबत नाही. त्या छापखान्यातले बरेच लोक आठ-नऊ बोटं घेऊन निवृत्त झाले. अण्णा दहाच्या दहा घेऊन आले आणि ती दहा बोटं हीच आमच्या घराची इस्टेट, असं आई म्हणायची.

"जबडा उघडा दिसला म्हणून हात घालणाऱ्यांची बोटं गेली," अण्णा म्हणाले. "हात आधीच निघालेला पाहिजे. तुझा अंगठा परवानगी मागत बसतो."

घरातल्या दोन पिढ्यांनी मला एकच गोष्ट सांगितली होती. मधली पिढी मात्र दर तिसरी वीट पायावर घेत होती. शुक्रवारपर्यंत मी दर सातव्या विटेवर आलो.

शनिवारी दहाला निघालो. मी पुढे, दोन्ही हातांत डबी. अण्णा माझ्या मागे, डावा पंजा माझ्या खांद्यावर. त्यांच्या मागे ताई, हातात प्लॅस्टिकचं स्टूल. कुणी काही विचारलं तर सांगायला आमच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून आम्ही सरळ समोर बघत चाललो.

फाटकाशीच पहिलं विघ्न आलं. फाटकाची लोखंडी पट्टी दिसताच अण्णांचे पाय खिळले.

"एक," ताई म्हणाली.

"ऐकू आलं," अण्णा म्हणाले.

मी गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं. त्या खेळाची खोड अशी की नव्याने लावला की तो आधी नमुना दाखवतो. मजूर एकेक वीट सावकाश टाकून दाखवतात, मग वाकून नमस्कार करतात, मग खरं गाणं. तेवढा वेळ आम्ही तिघं फाटकात उभे. शेजारच्या काकू कपडे वाळत घालायच्या थांबल्या.

"काय झालं हो?"

"शिकवताहेत," मी म्हणालो.

मग गाणं सुरू झालं आणि खांद्यावर पंजा पडला. आत्ता, आत्ता, आत्ता. पट्टी ओलांडली. चष्म्याचं दुकान गेलं. सायकलवाल्याकडे एकाने हवा भरणं थांबवून आमच्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, वीट पडली.

"रस्त्याकडे मी बघतोय," मागून आवाज आला. "तू विटांकडे बघ."

"तुम्हीच म्हणालात बघू नकोस म्हणून."

"मग ऐक. पण दाब."

दुसऱ्यांदा ते सलूनच्या पायरीशी अडकले. ताईने "दोन" म्हटलं, पण हळू. सलूनवाला दार धरून उभा राहिला. त्याने आतला रेडिओ बंद केला, याबद्दल मी त्याचा जन्माचा ऋणी आहे. पायरी चढून अण्णा आत गेले, खुर्चीत बसले, आणि आरशातून ताईकडे बघितलं. ताई स्टुलावर बसून घाम पुसत होती. स्टूल शेवटी तिच्याच कामी आलं.

केस कापायला अण्णांनी भरपूर वेळ लावला. कानामागचे दोनदा बघायला लावले. वर्षभर सलूनवाला घरी येऊन कापायचा आणि घरी आरसा लहान आहे, ही त्यांची जुनी तक्रार.

परत निघताना मी अंगठा चोळत होतो. ताईने ते पाहिलं. आता एकदा अडकले की संपलं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

"दे इकडे," ती म्हणाली. "मी वाजवते."

ताई सहा वर्षं गाणं शिकलेली आहे. ताल तिच्या वाट्याला माझ्या हिश्श्यासकट आलाय. तिने डबी घेतली, नमुना एकदा बघितला आणि पहिल्याच खेपेला विटांमागून विटा झेलायला लागली. एकही पडली नाही. चारही मजूर हसायला लागले. ते हसतात हे मला तोवर माहीत नव्हतं. अण्णांनी तिच्या खांद्यावर पंजा ठेवला होता. पंजा थोपटत नव्हता. नुसता ठेवला होता.

पाच पावलं झाली आणि अण्णा थांबले. समोर ना दार, ना पायरी, मोकळा रस्ता.

ताई वाजवत राहिली. गाणं मजेत चाललं होतं. "अण्णा?"

"छान वाजवतेस."

"मग चला ना."

"चाललो असतो," अण्णा म्हणाले. त्यांनी आपल्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पण मला काही कामच नाही यात."

ताईने बटण सोडलं. वीट पडली, मजुरांनी माना वळवल्या. माझ्या डोक्यात मात्र चार दिवसांपूर्वीचा मोबाईल आला आणि त्या पातळ आवाजाबद्दलचा माझा निष्कर्ष. अण्णा गाण्यावर चालत नव्हते. माझा ताल सांभाळायच्या नादात असले की त्यांचे पाय त्यांच्या नकळत निघायचे. पहिल्या दिवशीही माझ्या पडणाऱ्या विटा ऐकूनच ते निघाले असणार. मशीनवर चौतीस वर्षं हेच तर केलं होतं: समोरचं यंत्र चुकू नये म्हणून डोकं गुंतलेलं, आणि हात आपले आपण जाताहेत. यंत्र बिनचूक असतं तर त्यांना कुणी पगार दिला असता?

मी हे ताईला सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही. तीन हा आकडा तिच्या ओठांवर होता, मला दिसत होता. खाली पडलेले अण्णा तिने दोनदा उचलले होते. असल्या माणसाला आकडा गिळणं सोपं नसतं.

"हे मोजत नाही," ती म्हणाली. "हे माझ्यामुळे झालं." मग डबी माझ्या हातात कोंबली. "घे. आणि नीट चूक."

"मुद्दाम चुकता येत नाही मला."

"मुद्दाम कोण सांगतंय? तू खेळ फक्त."

खेळलो. पहिली वीट गेली, दुसरी आली, तिसरी पायावर. पंजा खांद्यावर जोरात पडला. "अरे, आत्ता! किती वेळा सांगायचं?" आणि आम्ही निघालो. सायकलवाला, चष्म्याचं दुकान, काकूंचे अर्धे वाळत घातलेले कपडे. ताई स्टूल घेऊन बाजूने चालत होती, आता मागून नव्हे.

आमच्या फाटकाशी टेम्पो उभा होता. अकराला यायचा माणूस पावणेअकरालाच आला होता. त्याने खुर्ची उतरवून फाटकाच्या आत, ऐन वाटेत मांडली होती, आणि दार कुणी उघडेना म्हणून स्वतःच तिच्यात बसून मोबाईल बघत होता. लोखंडी पट्टी समोर होती. पट्टीच्या पलीकडे खुर्ची. माझी वीट पडली.

"तिकडे काय बघतोस," अण्णा म्हणाले. "पुढची घे. आत्ता."

पुढची घेतली. पट्टीवरून त्यांचा उजवा पाय गेला, मग डावा. माणूस गडबडून उठायला लागला. एका हाताने खुर्चीचं चाक धरून तो बाजूला व्हायचा प्रयत्न करत होता.

अण्णा पाऊल न चुकवता त्याच्या बाजूने पुढे गेले. "बसा, बसा," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर थोपटत राहिले.