काठावरची बाई

करुणानं डाव्या हाताची बाही मनगटापर्यंत ओढली आणि फळ्यापुढं जाऊन उभी राहिली. हॉलमध्ये शहरातले आणि आसपासच्या तालुक्यांतले अग्निशमन अधिकारी बसले होते. नेतृत्वाचं प्रशिक्षण द्यायला पुण्याहून अभय सर आले होते. प्रत्येकानं स्वतः घेतलेला एक अवघड निर्णय सांगायचा, असा त्यांचा आग्रह. सांगायला काय जातंय!

"दौलताबादच्या शिवारात विहिरीत इंजिनाचा धूर कोंडला होता. एक माणूस आत बेशुद्ध पडला. आमच्या माणसाच्या तोंडावर मास्क चढेपर्यंत मी कुणालाच उतरू दिलं नाही. आमचा माणूस उतरला, तोवर आतला गेला होता."

"तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"काही नाही, सर."

बाई उत्तर टाळतेय, असं सरांना वाटलं. पण खरंच काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी दवाखान्यात हाताला टाके घातले तेव्हाही नाही. दुखतंय का, असं डॉक्टरच पुन्हापुन्हा विचारत होते. रात्री भाजीत मीठ नव्हतं, तेही सासूनं ताट सरकवल्यावर कळलं.

चहाच्या सुट्टीत तिनं सरांना गाठलं.

"पथक दुसऱ्या कुणाला द्या म्हणून साहेबांना सांगा, सर. मी कंट्रोल रूमला बसते. फोन उचलते."

"अहो, तुम्ही केलंत ते धाडसच होतं."

"एक माणूस मरत होता आणि मी काठावर होते. याला धाडस म्हणायचं तर म्हणा बापडे."

तेवढ्यात दारातून आवाज आला.

"त्या विहिरीवरची बाई कोणती हो?"

डोक्यावरून पदर घेतलेली एक म्हातारी आत आली होती. करुणाच्या पथकातला जुना फायरमन मोतीराम चहाचा कप ठेवून चटकन उठला. त्यानं तिला मातीच्या वेळी पाहिलं होतं. मनकर्णाबाई, विहिरीत गेलेल्या राजेंद्रची आई. घटना घडली तेव्हा ती सिल्लोडला लेकीकडं होती. पोहोचली ती थेट मातीलाच.

"मीच ती," करुणा म्हणाली.

"गाव म्हणतंय, तू नुस्ती उभी राहून बघत व्हतीस. खरं हाय?"

"व्हय, मावशी."

"तसं नाय हो, ऐका तरी," मोतीराम मधे पडला.

"राहू द्या, मोतीरामदादा."

"धाकला माझा, गोकुळ, त्या दिवसापून तोंडातून शब्द काढीना," म्हातारी म्हणाली. "लई इचारलं. आज मोटरसायकलवर आणून सोडलं, पर आत यायला तयार नाय. म्हणून तुलाच इचारते. माझं लेकरू आत तडफडत व्हतं, आन तुझं काळीज कसं गं जाग्यावर राहिलं?"

बोलता बोलता म्हातारीला धाप लागली होती, ओठ सुकले होते. काहीतरी करायचं म्हणून करुणानं माठातून ग्लास भरला आणि तिच्यापुढं धरला. बाही वर सरकली.

मनकर्णाबाईंनी ग्लास घेतलाच नाही. करुणाचं मनगट धरून हात खिडकीच्या उजेडाकडं वळवला. कोपराखाली चाव्याची काळीनिळी खूण होती. त्यात एक दात ओळ सोडून बाजूला रुतलेला, आणि टाके नेमके तिथंच. म्हातारी त्या खुणेवरून बोट फिरवत राहिली.

"सुळा वाकडा हाय धाकल्याचा," ती म्हणाली. "ल्हानपणी मला चावायचा तवा अस्साच उठायचा."

करुणानं ग्लास दुसऱ्या हातात घेतला.

"उडी टाकत व्हता?"

करुणानं मान हलवली.

"आन तू सोडलं नायस."

"मास्क चढवायला दोघं लागत होते, मावशी. धरायला मीच उरले होते."

मनकर्णाबाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. फाटकापाशी गोकुळ मोटरसायकलवर पाठमोरा बसला होता. त्याच्याकडं बघता बघता करुणाच्या हातावरची त्यांची मूठ घट्ट झाली.

"हळू, मावशी," करुणा म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "दुखतंय."