सगळ्यांचा एकच पासवर्ड

"कामावरनं काढलीया तुला! उचल पर्स आणि चालू पड!"

हेडक्लार्क आकारामचा आवाज असा, की पलीकडं भट्टीवरची माणसंही माना वळवून बघायला लागली. साल दोन हजार पाच. शिरोलीतल्या त्या लहानशा फौंड्रीत एकच कॉम्प्युटर, एकच ईमेल आणि तो बघणारी एकच मुलगी, सुष्मिता. काल त्याच ईमेलवरनं पुण्याच्या गिऱ्हाइकाला आईबहिणीवरनं शिव्या गेल्या होत्या. गिऱ्हाइकानं काम काढून घेतलं, मालक भडकले आणि आकारामनं सुष्मिताकडं बोट दाखवलं. बोट दाखवायला काय लागतं हो?

"काका, मी न्हाय पाठवल्या." तिची मान ताठ होती. "गिऱ्हाइकाला शिव्या दिल्या म्हणून काढली, असं गावभर झालं तर मला दारात तरी कोण उभं करंल?"

"मग काय भुतानं पाठवल्या? पासवर्ड तुलाच ठावं!"

"मलाच? 'चांगभलं' कुणाला ठावं न्हाय? तुम्हीच ठेवलाय की! जोतिबाच्या नावाचा गजर हाय, कोण इसरणार न्हाय म्हणालासा, आणि वर भिंतीवर खडूनं लिवलासा."

"देवाच्या नावाला नावं ठेवतीस व्हय गं?"

"देवाचं नाव तोंडात असू द्या की, काका. पण जे अख्ख्या कोल्हापूरच्या तोंडात हाय, ते आपलं कुलूप कसं हुईल?"

आकाराम खवळून उठला. तेवढ्यात बाकावर बसलेला भंगारवाला पिराजी बोलला.

"आकारामदा, परवा मी हितंच बसलोतो. तुम्हाला फोन आलता बघा. 'ईमेल कंपनीतनं बोलतोय, तुमचं खातं बंद पडणार, पासवर्ड सांगा.' तुम्ही बोंबलून सांगितलासा. मला एबीसीडी येत न्हाय, तरी एकेक अक्षर पाठ झालंय!"

आकाराम मटकन खाली बसला. म्हणजे शिव्या त्या फोनवाल्यानंच पाठवल्या होत्या! फोनवरचा तो माणूस त्याला दर वाक्याला 'साहेब' म्हणाला होता. तीस वर्षांच्या नोकरीत त्याला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. तेवढ्यानं गडी पाघळला, आणि शिक्षा भोगायला निघाली कुणाची लेक? अरेरे, केवढी ही मूर्खाची मिजास! त्याची त्यालाच लाज वाटली.

तो उठला आणि तडक मालकाच्या खोलीत गेला. "मालक, पासवर्ड मी सांगितला! काढायचं तर मला काढा, पोरीला न्हाय!" मालकानं त्याला अर्धा तास फाडून खाल्लं. पण सुष्मिताची नोकरी वाचली.

बाहेर आल्यावर तो सुष्मितासमोर उभा राहिला. "चुकलं पोरी. माफ कर."

"माफीचं मागनं बघू, काका. आधी ती भिंत पुसा!"

मंडळी, भिंती आपल्या सगळ्यांच्याच पुसायच्या आहेत. चोर आता कौलं काढून येत नाही. तो फोनवर गोड बोलतो, आणि किल्ली आपणच त्याच्या हातात देतो. पासवर्ड लांबलचक ठेवा, अक्षरं-आकडे मिसळून ठेवा, देवाचं नि लेकराचं नाव त्यात घालू नका. समोरचा साहेब म्हणो नाहीतर महाराज म्हणो, कुणाला सांगू नका. आणि एवढं करूनही चूक झालीच, तर ती आपली म्हणा. दुसऱ्याच्या लेकीची अब्रू त्यापायी उधळू नका!