गुरुजींच्या नावानं गेलेली मेल

उमरखेडच्या पंजाबराव गुरुजींनी शाळेतून निवृत्त झाल्यावर वधू-वर सूचक मंडळ काढलं आणि मुलीनं घेऊन दिलेला कॉम्प्युटर बैठकीत मांडला. बौद्ध समाजातल्या एकशेचाळीस मुलींचे फोटो, पत्ते, फोन नंबर त्यात होते. प्रत्येक मुलीच्या बापाला गुरुजी एकच शब्द द्यायचे, "फोटो माह्या घराच्या भाईर जानार नाई." मंडळ चालत होतं ते या शब्दावर.

कापसाचे भाव पडल्यापासून शेती करणाऱ्या मुलांना कोणी मुलगी देईना. त्यामुळे नोकरीवाल्याचा बायोडाटा आला की गुरुजींची कळी खुलायची. सोमवारी सकाळी अनोळखी पत्त्यावरून इंग्रजीत मेल आली, 'फोटो जोडला आहे, पाहून कळवा.' त्यांना येणारी प्रत्येक मेल अशीच असायची, मग संशय घ्यायचा कशाचा? त्यांनी चष्मा पुसून फोटोवर क्लिक केलं. फोटो काही उघडेना. पण गुरुजी चिकाटीचे! त्यांनी आणखी चारदा क्लिक केलं.

दुपारी नागपूरहून मुलीचा, उर्वशीचा, फोन आला.

"बाबा, फोटो पाहा म्हणून मले मेल धाडली का तुम्ही?"

"म्या? म्या तं आज कोनालेच काई नाई धाडलं."

उर्वशीनं विचारलं, "आज कोनाचा फोटो उघडला होता का?"

"उघडून पाह्यला. उघडलाच नाई."

"उघडला, बाबा. तो फोटो नव्हता, व्हायरस होता. आता तो तुमच्याच नावानं तुमच्या ओळखीच्या साऱ्याइले मेल धाडून राह्यला. अँटिव्हायरस नवीन टाका म्हणून दिवाळीपासून सांगून राह्यली मी!"

"अन् पोरींचे फोटो?" गुरुजींनी विचारलं.

"सांगता येत नाई. कॉम्प्युटरमधलं चोरून भाईर धाडनारे बी असतेत. आधी नेटची तार काढा. शनिवारी मी येते, तवपर्यंत मशीन चालू करू नोका. अन् ज्याले ज्याले मेल गेली, त्याले फोन करून सांगा."

गुरुजींनी नेटची तार ओढली. मग भीतीपोटी दिसेल ती तार ओढली, बिचाऱ्या प्रिंटरचीसुद्धा. पडदा काळा झाला तरी जीव थाऱ्यावर येईना. एकेका मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे यायला लागला. कुठल्या तरी टवाळाच्या हातात हे फोटो, हे नंबर पडले तर?

"फोन कायले करता?" गुरुजींच्या पत्नी रुखमाबाई म्हणाल्या. "कोनाले काय मालूम पडते? सांगत फिरसान तं उद्या कोनी पोरीचं नाव नाई देनार तुमच्याकडं."

खरं सांगायचं तर गुरुजींनाही ते क्षणभर पटलं. मग स्वतःचीच लाज वाटली आणि त्यांनी मंडळातल्या घरांच्या फोन नंबरांची वही उघडली.

पहिला फोन त्यांनी पुसदच्या दीपाला लावला. दीपाचं नाव मंडळात होतं आणि ती कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होती. ती समजून घेईल, आरडाओरडा करणार नाही, असा त्यांचा हिशोब.

"जय भीम, गुरुजी. तुमची मेल सकाळीच पाह्यली. घरी उघडेना, म्हणून क्लासमधल्या मशीनवर बी उघडून पाह्यली."

म्हणजे व्हायरस आता क्लासमध्येही शिरला होता. गुरुजींनी सगळं सांगितलं, आणि भीतीच्या भरात तिच्यावरच उखडले. "अवो पोरी, तू तं पोराइले शिकवते! असं काई उघडू नाई, हे तुले मालूम नाई?"

"अनोळखी मानसाच्या मेलले मी हात बी लावत नाई, गुरुजी," दीपा हळूच म्हणाली. "पोराइले बी तेच शिकवते. पन याच्यावर तुमचं नाव होतं. तुमच्या नावाले कायले भ्यायचं?"



"आता भे, पोरी," गुरुजी म्हणाले. "माहं नाव दिसलं तं उघडू नोको."

त्यांनी फोन ठेवला. हेच वाक्य आता त्यांना वहीतल्या प्रत्येक घरी सांगायचं होतं.