व्हॅलचा शर्ट

माझ्या मुलाच्या मैत्रिणीच्या, मिल्ड्रेडच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. ‘अंकल, व्हॅलेंटाइनचा साप मी नेऊ का?’ एवढंच वाचून मी ते मिटलं. त्र्याऐंशी साली ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीतल्या अपघातात माझा मुलगा व्हॅल गेला. त्याचा म्हणून जिवंत असा हा अजगरच उरला होता, आणि तोही खाईना. लायब्ररीतली पुस्तकं चाळली, मेलेले उंदीर पुढ्यात ठेवले. त्याने तोंड फिरवलं.

शेवटी पत्र पुढे वाचलं. ‘उंदीर कोमट पाण्यात ठेवून गरम करा. पेटीत व्हॅलचा वापरलेला शर्ट ठेवा, त्या वासाने तो निवांत होतो.’

तसा एकच शर्ट होता, मी तो धुतला नव्हता. पेटीत ठेवला. संध्याकाळी अजगराने कोमट केलेला उंदीर गिळला.

आज उत्तर पोस्टात टाकलं: ‘बाळ, साप जेवला. येऊन ने. शर्टही ने, त्याला लागेल.’