अर्ध्यावर अडकलेलं शटर

मित्रांनो, मोटारींच्या सीटची कव्हरं शिवून देणाऱ्या एका दुकानाचं मी जुनं शटर आहे. लोखंडी पट्ट्या एकमेकींत ओवून मला बनवलं तेव्हा माझा रंग निळा होता. आता तो कुठे कुठे शिल्लक आहे.

दुकान नवराबायकोचं होतं. बाई रेक्झिन कापायच्या, मालक मशीनवर शिवायचे. सकाळी उघडण्याआधी बाई माझ्या दोन्ही बाजूंच्या खाचांत तेल सोडायच्या.

मालक हसायचे, "अगं, एवढं कधी मलाही जप."

"तुम्ही कुरकुरायला लागलात की तुम्हालाही घालीन!"

तेव्हा मी एका बोटाने वर जायचो. गिऱ्हाइकं कौतुक करायची.

मग दोघांचं बिनसलं आणि घटस्फोट झाला. कोर्टाने मालकांना दरमहा पोटगी द्यायला सांगितली. त्या भरवशावर बाईंनी एक खोली भाड्याने घेतली. मालकांनी सुरुवातीला पैसे दिले, मग हात आखडला. दुकानच बंद पडलंय, कुठून देऊ, असं म्हणू लागले. बाईंनी वसुलीसाठी अर्ज केला. दुकानातलं मशीन जप्त करायला कोर्टाने बेलीफ पाठवला.

इथून माझं वाईट काम सुरू झालं. बेलीफ दिसला की शेजारचा पंक्चरवाला ओरडायचा, "शेठ, पाहुणे!" मालक मला खाली ओढायचे, आतून कडी लावायचे आणि मशीन थांबवून गप्प बसायचे. बाहेर एक कुलूप नुसतं दाखवायला लटकत असायचं.

एकदा बाई बेलिफाबरोबर आल्या.

"साहेब, ते आत आहेत. ताज्या कापलेल्या रेक्झिनचा वास येतोय."

"ताई, वास कसा लिहू? बंद दिसतंय, बंद लिहितो."

बाईंनी माझ्यावर हात टेकला. आतून मला मालकांचा श्वास ऐकू येत होता. मधे मी होतो, आणि मी बंदच राहिलो.

भाडं थकलं. बाईंची खोली गेली. त्या भावाकडे राहायला गेल्या. वहिनीने स्वयंपाकघरात अंथरूण टाकून दिलं.

इकडे मला तेल कोणी घालत नव्हतं. खाचांत गंज चढला. पुढच्या खेपेला "पाहुणे!" अशी हाक आली, मालकांनी मला ओढलं, आणि मी अर्ध्यावर अडकलो. मालक लोंबकळले, तरी हललो नाही. मित्रांनो, मी मुद्दाम अडकलो असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण ते खरं नाही. तो नुसता गंज होता.

बाईंना घेऊन आलेला बेलीफ वाकला. "दुकान बंद ना? मग हे पाय कोणाचे?"

"शटरची दुरुस्ती चाललीये, साहेब."

तेवढ्यात आतून गिऱ्हाईक ओरडलं, "अहो, माझं कव्हर आज मिळणार आहे का नाही?"

मशीन उचलायची वेळ आली तेव्हा मालक बाईंना म्हणाले, "अगं, जुन्या नात्याची तरी आठवण ठेव."

"नातं कोर्टात सुटलं. आता पोटगी तेवढी उरलीये. मला माझी खोली परत हवी."

मालकांनी धावपळ केली. पंक्चरवाल्यापुढेही हात पसरला. थकलेली सगळी रक्कम तिथेच भरली, तेव्हा मशीन वाचलं.

बाई निघाल्या, पण दारात थांबल्या. कोपऱ्यातली तेलाची बुधली जिथल्या तिथे होती. त्यांनी ती उचलली आणि माझ्या खाचांत तेल सोडलं.

"आता ह्याला कशाला?" मालक म्हणाले.

"त्याने काय केलंय? ओढलं तसं आलं."

मित्रांनो, त्यांनी मला लाथ मारली असती तर बरं वाटलं असतं. ते तेल मला अजून सोसत नाही.

दुसऱ्या सकाळी मालकांनी मला उघडलं. मी आवाज न करता वर गेलो. मालक हात तसाच वर धरून बराच वेळ उभे राहिले.

तुम्हाला जपणारा हात तुमच्याही घरी असेल. त्या हाताला कधी बंद दार दाखवू नका.