शरच्चंद्र सरांच्या लेखातलं पाणी

स्वतःचाच लेख वाचायला परदेशी प्रकाशकाच्या वेबसाइटने क्रेडिट कार्डाचा नंबर मागितला, तेव्हा अर्थशास्त्राच्या शरच्चंद्र सरांचं टाळकं सटकलं. लेख आपण लिहायचा, दुसऱ्या मास्तराने तो फुकट तपासायचा आणि लोणी तिसऱ्यानेच खायचं. आठवड्याभरात त्यांनी विद्यापीठाशी भांडून एक खोली मिळवली आणि प्राध्यापकांचं सहकारी नियतकालिक काढलं. सहकार शिकवणारे पुष्कळ होते, केलेला एकही नव्हता. म्हणून सचिव म्हणून रंगनाथरावांना आणलं. त्यांनी तीस वर्षं दूध सोसायटी चालवली होती.

रंगनाथरावांना एकच पद्धत ठाऊक होती. संकलन सकाळी सहा ते साडेसात, रांगेत, आणि नमुना सगळ्यांसमोर तपासायचा. ते लेखाचं कुठलंही पान उघडून मोठ्याने वाचत आणि रांगेला विचारत, "काय कळलं?" रांग गप्प राहिली, की लेख परत.

"पाणी आहे," ते म्हणत. "पुढचे या."

पहिल्याच दिवशी दोन विभागप्रमुख आल्या पावली घरी गेले. सर मात्र निवांत होते. त्यांच्या हातात तोच परदेशात गाजलेला लेख होता.

रंगनाथरावांनी एक पान वाचलं. रांग गप्प. दुसरं वाचलं. मागे कुणीतरी जांभई दिली.

"किती टक्के पाणी निघालं, तेवढं सांगा," सर म्हणाले.

"पाण्याचं नंतर बघू, सर," रंगनाथराव पानं उलटत म्हणाले. "आधी यात दूध कुठंय ते दाखवा."