नाथाच्या मागचं पुणं

आई साखराबाई वारली तेव्हा नाथा बापाला म्हणाला होता, मोठं घर घेतलं की तुम्हाला पुण्याला घेऊन जातो. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून सटवा कपिलधारच्या माळावर एकटाच मेंढरं हाकतो आणि रविवारची वाट बघतो, कारण रविवारी नाथाचा व्हिडिओ कॉल येतो.

नाथा बोलत बोलत गॅलरीत यायचा, मग त्याच्या मागं पुणं दिसायचं. सटवाचा सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. अनोळखी मुलखात वाट चुकली, की तो आधी मान वर करून डोंगराची कड बघणार: सपाट टेकाड, मग खिंड, मग दोन सुळके. तसंच त्यानं पोराचं पुणंही पाठ करून टाकलं होतं. डावीकडं ठेंगणी पिवळी इमारत, मग तीन उंच बिल्डिंगी, उजवीकडं मोबाईलचा टॉवर. त्या तिघींच्या मागं दिवस मावळायला लागला की त्याला ते भलतंच देखणं वाटायचं. गॅलरीत आपण कुठल्या कोपऱ्यात बसायचं, हेही ठरलं होतं. म्हाताऱ्याची हौस, दुसरं काय.

या रविवारी मात्र कड वेगळीच दिसली. टॉवर डावीकडं गेला होता. तिन्ही बिल्डिंगी पाठमोऱ्या आणि पार खाली. गच्चीवरच्या टाक्यांची झाकणंसुद्धा दिसत होती. म्हणजे पोरगं पलीकडच्या अंगाला, चांगलं उंचावर राहायला गेलं होतं.

घर बदललं काय रे, सटवानं विचारलं. नाथा जरा अडखळला.

"न्हाई आप्पा, तीच खोली हाय. लई लहान पडती, न्हाईतर तुमाला कवाच आणलं असतं."

तीन कोसांवरून टेकाड ओळखणाऱ्या माणसाला तो हे सांगत होता. सटवाला राग आला, पण त्याहून लाज वाटली. आपण एवढे जड झालो, की लेकराला खोटं बोलावं लागलं. तरी त्याची आशा सुटेना. त्यानं पोराला चाचपून बघायचं ठरवलं.

"ऱ्हाऊ दे. मी कशाला येऊ तिकडं? मला हितंच बरं हाय."

हे साफ खोटं होतं. असं कसं आप्पा, एवढंच पोरानं एकदा म्हणावं, निदान तोंडदेखलं तरी म्हणावं, म्हणून तो फोन डोळ्यांजवळ धरून थांबला.

"मग झालं की," नाथा म्हणाला, आणि मोकळा हसला.